पहिला खर्डा, पहिला वाचक

कलावंताच्या घडणीची कथा सांगणाऱ्या साहित्यकृतींमध्ये एक सोयीस्कर मौन नेहमी आढळते. नायकाचे बालपण, त्याचे एकाकीपण, कुटुंबाशी आणि धर्माशी झालेला संघर्ष, प्रेमातील वैफल्य हे सारे तपशिलाने येते. पण त्याने प्रत्यक्षात लिहिलेली पहिली, कच्ची, फसलेली संहिता मात्र सहसा वाचकासमोर येत नाही. जॉइसने 'अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' (१९१६) मध्ये स्टीफनची कविता पूर्ण छापण्याचे धाडस केले आणि ती कविता खरोखर चांगली आहे की तिच्यातून लेखक आपल्या नायकाचा उपहास करतो आहे, हा वाद समीक्षकांनी पुढे दीर्घकाळ चालविला. वादाचे मूळ स्पष्ट आहे. प्रतिभेची ग्वाही देणे सोपे असते. पहिल्या खर्ड्याचे मूल्यमापन करणे अवघड असते. त्यातही तो खर्डा लिहिणारी व्यक्ती चौदा वर्षांची असेल, तर समीक्षेची नेहमीची परिमाणे आणि नेहमीचे सौजन्य ही दोन्ही अपुरी पडतात.

ही अवघड जागा थेट विषय म्हणून स्वीकारणारी एक कृती साहित्यातील नाही, ती जपानी अ‍ॅनिमेशनपट आहे. स्टुडिओ जिब्लीचा 'मिमी ओ सुमासेबा' १९९५ च्या जुलैमध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. 'कान देऊन ऐकले तर' असा या शीर्षकाचा साधारण अर्थ. इंग्रजीत तो 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' या नावाने ओळखला जातो आणि त्या नावामुळे त्याच्याभोवती नाहक एक गुलाबी धुके जमते. दिग्दर्शक योशिफुमी कोंदो, पटकथा आणि दृश्यांची आखणी हायाओ मियाझाकी यांची, आधार आओई हिइरागी यांच्या 'रिबोन' या मुलींच्या मासिकातून १९८९ साली क्रमशः आलेल्या चित्रकथेचा. कथानक सांगायचे तर चार वाक्ये पुरतात. शिझुकू त्सुकिशिमा ही माध्यमिक शाळेच्या अखेरच्या वर्षातली पुस्तकवेडी मुलगी. ग्रंथालयातून आणलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर आपल्या आधी सेइजी आमासावा हे नाव नोंदलेले असल्याचे तिच्या लक्षात येते. हा मुलगा तिला भेटतो, तो व्हायोलिन घडविण्याचे शिक्षण घेण्यासाठी इटलीतील क्रेमोना येथे जाऊ पाहत असतो. तो दोन महिन्यांच्या परीक्षेसाठी गेला असताना ती एक कथा लिहून काढते.

प्रथम त्या कार्डांविषयी. पुस्तकाच्या मागच्या खिशातील कार्ड ही वस्तुतः प्रशासकीय नोंद. शिझुकू मात्र तिचे वाचन एखाद्या संहितेसारखे करते. नावांच्या क्रमातून ती एका मनुष्याची कल्पना बांधते: शांत, मृदू, आपल्याच जातकुळीचा. वेन बूथने कादंबरीच्या संदर्भात 'अध्याहृत लेखका'ची जी संकल्पना मांडली, तिच्या जोडीला येथे एक 'अध्याहृत वाचक' उभा राहतो; तोही इझरच्या अर्थाने संहितेने गृहीत धरलेला नव्हे, तर दुसऱ्या वाचकाने अनुमानाने रचलेला. या अनुमानाची फजिती चित्रपट लवकरच करतो. तिच्या गाण्याची थट्टा करणारा आगाऊ मुलगा हाच सेइजी निघतो. पुढे तो कबूल करतो की तिच्या आधी आपले नाव कार्डावर लागावे, म्हणून त्याने मुद्दाम एवढी पुस्तके वाचली. म्हणजे जी नावांची मालिका ती सहज उमटलेली खूण म्हणून वाचत होती, ती तिला उद्देशून केलेली रचना होती. वाचक समजून जिचा शोध घेतला, ती व्यक्ती लेखक होती. या साक्षात्काराने कोणीही दुखावले जात नाही, हे चित्रपटाचे औदार्य मानावे की त्याची कमजोरी, याविषयी मतभेद संभवतो.

याच वर्षी, काही महिने आधी आलेल्या शुन्जी इवाई यांच्या 'लव्ह लेटर' या चित्रपटातही ग्रंथालयाच्या कार्डांवरील नाव हेच प्रेमाच्या उलगड्याचे साधन आहे. दोन स्वतंत्र कृतींनी एकाच वर्षी एका मावळत्या वस्तूचा आश्रय घ्यावा, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. शिझुकूचे वडील स्वतः ग्रंथपाल आहेत. आपल्याकडेही लवकरच पट्टीसंकेत येणार, असे ते तिला सांगतात आणि ती नाराज होते. अर्थात या नाराजीला दुसरी बाजू आहे. जपानी ग्रंथालय संघटनेने १९५४ साली स्वीकारलेल्या आणि १९७९ साली सुधारलेल्या ग्रंथालय-स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात वाचकाची गोपनीयता जपणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य मानले आहे. त्या दृष्टीने पाहता, ज्या उघड्या नोंदीमुळे शिझुकूला सोबती सापडतो, ती नोंद म्हणजे वाचकाच्या खाजगीपणाचा भंगच होय. वाचन ही एकांतातील क्रिया आहे आणि तरीही तिला साक्षीदार हवा असतो, हा पेच येथे कोणत्याही भाष्याविना मांडला गेला आहे.

शिझुकूचे पहिले लेखन मात्र कथा नव्हे, भाषांतर आहे. चित्रपटाकडे पाहणारे बहुतेक जण या भागावरून लगबगीने पुढे जातात. खरे तर तिच्या लेखिका होण्याची नांदी येथेच आहे. जॉन डेन्व्हरचे १९७१ मधील 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे गीत ती शाळेतील गाणाऱ्या मैत्रिणींसाठी जपानीत आणू पाहते. पहिला प्रयत्न तिला स्वतःलाच गुळगुळीत वाटतो. मग ती एक विडंबन रचते: जंगल तोडले, दऱ्या बुजविल्या, सर्वत्र काँक्रीटचा रस्ता झाला, हेच आपले गाव. विनोद म्हणून केलेल्या या विडंबनात तिला प्रथमच स्वतःचा आवाज सापडतो. ज्या तामा टेकड्यांवर ती राहते, तेथे तामा न्यू टाउन या वसाहतीची योजना १९६५ साली ठरली आणि १९७१ साली पहिले रहिवासी आले. इसाओ ताकाहाता यांनी आदल्याच वर्षी, १९९४ मध्ये, 'पोम पोको'त या टेकड्या गमावणाऱ्या तानुकी प्राण्यांचा शोक मांडला होता. कोंदो यांचा चित्रपट त्याच भूमीवर नंतर राहायला आलेल्यांच्या मुलांचा आहे. हरवलेल्या टेकड्यांची आठवण या मुलांजवळ नाही, आणि पश्चिम व्हर्जिनियातील डोंगरांची ओढ त्यांची असणे शक्य नाही. मग 'गावाकडची वाट' या शब्दांना अर्थ कोणता?

देशीवादाच्या चर्चेत आपल्याकडे पुष्कळदा 'मूळ' ही वस्तू दिलेली आहे असे गृहीत धरले जाते. लेखकाने तिच्याकडे परतायचे, एवढेच उरते. शिझुकूचे उत्तर वेगळे आहे. तिच्या अखेरच्या मसुद्यात मूळ गीताची दिशाच पालटते: घरी पोहोचण्याची आर्तता जाते आणि त्या वाटेने परत जाता येत नाही, जायचे नाही, असा एकटीने चालण्याचा निश्चय येतो. (ही जपानी शब्दरचना प्रत्यक्षात निर्माते तोशिओ सुझुकी यांची कन्या मामिको सुझुकी यांची, मियाझाकी यांनी हात फिरवलेली, तरुण मुलीच्या भाषांतरासाठी तरुण मुलीचेच भाषांतर वापरले, हा उचित निर्णय म्हणावा लागेल.) मूळ गीताशी इतका बेइमानपणा करूनच ते गीत तिचे होते. व्हायोलिनच्या साथीने ती हे गाणे म्हणते आणि सेइजीच्या आजोबांची वृद्ध मित्रमंडळी जुनी युरोपीय वाद्ये घेऊन हळूच त्यात सामील होतात, तो प्रसंग या चित्रपटाचा सर्वांत आनंदी भाग आहे. त्याच प्रसंगाच्या अखेरीस तिला सेइजीचे नाव कळते. आनंद आणि फजिती यांच्यात एका वाक्याचेही अंतर नाही.

सेइजीच्या व्यवसायाकडे आता वळावे लागते, कारण मियाझाकी यांनी मूळ चित्रकथेत केलेला सर्वांत अर्थपूर्ण बदल तोच आहे. हिइरागी यांचा सेइजी चित्रे काढतो. चित्रपटातील सेइजी व्हायोलिन घडवितो. चित्रकार आणि लेखिका हे एका जातीचे स्वप्नाळू जीव ठरले असते. कारागीर आणि लेखिका यांत मात्र विषमता आहे. लाकूड, गोंद, पटाशी यांच्याशी ज्याची गाठ असते, त्याच्या कामाला बाहेरचे माप असते. क्रेमोनामध्ये स्ट्राडिव्हारीची परंपरा आहे, १९३८ पासून चालत आलेली व्हायोलिननिर्मितीची शाळा आहे, गुरू आहेत. दोन महिन्यांत 'तुला हे जमेल' किंवा 'जमणार नाही' असे सांगणारा कोणी तेथे भेटतो. शिझुकूला असे सांगणारे कोणीही नाही. तिची परीक्षा कोण घेणार, कोणत्या निकषावर, हेच ठाऊक नाही. मम्मटाने काव्याचा हेतू सांगताना शक्ती, निपुणता आणि जाणकारांच्या शिकवणुकीने केलेला अभ्यास या तिन्हींना मिळून एकच कारण मानले. जगन्नाथाने पुढे प्रतिभा हेच एक कारण ठरविले. शिझुकूची अस्वस्थता या दोन भूमिकांच्या मधल्या जागेत आहे. सेइजीकडे पाहून तिला कळते की अभ्यासाशिवाय शक्ती म्हणजे नुसती इच्छा. आणि तरी अभ्यास सुरू करण्यापूर्वी आपल्यात शक्ती आहे की नाही, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

तिच्या प्रेमाचे स्वरूपही यातूनच ठरते. कुमारवयातील प्रेमाच्या कथांत सामान्यतः लज्जा, चोरटी नजर, निरोप यांना प्राधान्य मिळते. येथेही ते सारे आहे. शिझुकूवर प्रेम करणारा सुगिमुरा आणि सुगिमुरावर प्रेम करणारी तिची मैत्रीण युको यांचे उपकथानक तेवढ्यापुरते पुरेसे आहे. परंतु मुख्य धागा निराळा. सेइजी आवडू लागताच शिझुकूला प्रथम जाणवते ती स्वतःची रिकामी ओंजळ. तो पुढे निघाला आहे आणि आपण कोठेच निघालेलो नाही. प्रेम आणि मत्सर, ओढ आणि चढाओढ यांची इतकी प्रामाणिक सरमिसळ मुलांसाठीच्या चित्रपटात क्वचितच दिसते. ती लिहू लागते ती प्रेमपत्र म्हणून नव्हे, त्याच्या बरोबरीला येण्यासाठी.

या निर्णयाची किंमत चित्रपट लपवीत नाही. जपानमधील सक्तीचे शिक्षण या वर्षी संपते आणि उच्च माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा समोर असते. अशा वेळी तिचा शाळेतला क्रमांक शंभरांनी घसरतो. थोरली बहीण तिला धारेवर धरते आणि तिचे म्हणणे चुकीचे नसते. लहानशा सदनिकेतील त्या संभाषणात वडील आणि स्वतः उच्चशिक्षण घेत असलेली आई काय करतात, ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. ते तिला शाबासकी देत नाहीत, तिच्या प्रतिभेवर विश्वास असल्याचेही सांगत नाहीत; ती नेमके काय करते आहे, हे तर त्यांना माहीतही नाही. वडील एवढेच सांगतात की तुला योग्य वाटते ते कर, पण इतरांहून वेगळ्या वाटेने जाणे कठीण असते, कारण काय होईल त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही. परवानगी आणि इशारा एकाच वाक्यात. त्यानंतर आई जेवणाला सर्वांबरोबर बसण्याची अट घालते. मुलांच्या स्वातंत्र्याचा गौरव करणाऱ्या कथांमध्ये जेवणाची वेळ सहसा विसरली जाते.

लेखनाचा काळ हा चित्रपटाचा गाभा. सेइजीचे आजोबा शिरो निशी यांच्या पुराणवस्तूंच्या दुकानात बॅरन नावाची मांजराची एक देखणी बाहुली आहे. तिला नायक करण्याची अनुमती शिझुकू मागते. निशी एकच अट घालतात: कथा पुरी झाली की पहिला वाचक मीच असेन. ते तिला एक खडकाचा तुकडा दाखवितात, आत हिरवे स्फटिक असलेला. घासून पैलू पाडले की त्याचे रत्न होईल, पण आतले स्फटिक निकृष्टही असू शकतील. रूपक सरळ आहे, किंबहुना थोडे जास्तच सरळ आहे. परंतु पुढे तेच रूपक तिच्या स्वप्नात उलटते. अंधाऱ्या गुहेत चकाकणाऱ्या खड्यांमधून ती खरा खडा शोधत धावते, एक उचलते आणि तळहातावर मेलेले पिल्लू असते. दुःस्वप्नाचे हे काही क्षण साऱ्या चित्रपटात एकटे आहेत. निर्मितिप्रक्रियेवर आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यात वेदनेचा उल्लेख विपुल आहे. आपल्या आत काहीच जिवंत नसेल, ही विशिष्ट भीती मात्र विरळ.

येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची ठरते. शिझुकूच्या कथेचे विश्व पडद्यावर येते, ते नाओहिसा इनोउए या चित्रकाराच्या पार्श्वचित्रांतून: तरंगती बेटे, विरघळणारे रंग, खोली हरवलेले आकाश. ही चित्रे अत्यंत सुंदर आहेत. चौदा वर्षांच्या मुलीची कथा इतकी सुंदर असू शकत नाही, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो आक्षेप चुकीच्या जागी पडतो. पडद्यावर दिसते ती तिने लिहिलेली संहिता नव्हे, तिला लिहावयाची असलेली संहिता आहे. तिच्या वाक्यांपैकी फारच थोडी आपल्या कानांवर येतात. कथा पूर्णपणे वाचणारा मनुष्य एकच, निशी. प्रेक्षकाला दर्शन मिळते आणि खर्डा मिळत नाही. निशींना खर्डा मिळतो आणि त्यातून दर्शनाचे अनुमान करावे लागते. हे अंतर ज्याने लिहिण्याचा प्रयत्न केला आहे त्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. जॉइसने कविता छापून जो वाद ओढवून घेतला, तो कोंदो यांनी संहिता झाकून टाळला असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्यांनी वादाचा विषयच बदलला. कथा चांगली आहे का, हा प्रश्न मागे पडतो. ती वाचणाऱ्याने काय म्हणावे, हा प्रश्न उरतो.

शिझुकूला थांबणे असह्य असते, म्हणून निशी तेथल्या तेथे वाचू लागतात. बाहेर अंधारून येते, ती थंडीत वाट पाहत बसते. वाचून झाल्यावर ते चांगले झाले म्हणतात आणि ती ते नाकारते: खरे सांगा, उत्तरार्ध तर पार विस्कटला आहे, हे मला माहीत आहे. तेव्हा ते मान्य करतात. होय, ओबडधोबड आहे, अपुरे आहे, सेइजीच्या व्हायोलिनसारखेच. तू कापून काढलेला खडक मी पाहिला. आता घाई न करता पैलू पाड. यावर ती रडते. आपल्याला केवळ इच्छा पुरेशी नाही, पुष्कळ शिकावे लागेल, हे लिहिताना कळले, असे सांगते. मग ते तिला गरम नूडल्स खाऊ घालतात आणि त्या बाहुलीची हकिकत सांगतात: तरुणपणी जर्मनीत शिकत असताना ती घेतली, तिची जोडीदार दुरुस्तीसाठी गेलेली होती, ती सांभाळण्याचे वचन देणारी तरुणी आणि ती बाहुली दोन्ही युद्धात हरवली. शिझुकूच्या कथेत बॅरनची हरवलेली सहचरी आहेच. म्हणजे तिच्या अपुऱ्या कथेने वृद्ध वाचकाच्या आयुष्यातील एका जागेला स्पर्श केला, आणि त्याने ते तिला सांगितले. पण दोषांची भरपाई म्हणून सांगितले नाही. निशींचे वर्तन येथे समीक्षाव्यवहाराचा एक विरळा नमुना ठरते. ते दोष झाकत नाहीत, दोष आधी स्वतःहून मोजून दाखवीत नाहीत, आणि लेखिकेला जे आधीच ठाऊक आहे तेवढ्यालाच दुजोरा देतात. विद्यापीठांतून दरवर्षी ज्यांच्या हाती पहिले खर्डे येतात, त्यांच्यापैकी किती जण त्याच दिवशी, शेवटपर्यंत, एका बैठकीत ते वाचतात?

चित्रपटाचा शेवट या उंचीवर राहत नाही. पहाटे सेइजी परततो, दोघे सायकलवरून टेकडी चढतात, सूर्योदय होतो आणि तो तिला पुढे कधीतरी लग्न करशील का म्हणून विचारतो. सायकलचा भाग उत्तम आहे: चढावर ती उतरते आणि मागून ढकलू लागते, केवळ ओझे होऊन बसणे तिला नको असते. त्या एका हालचालीत सारे सांगून झाल्यावर विवाहाचा प्रस्ताव अनावश्यक वाटतो, आणि जिने नुकतेच 'अजून पुष्कळ शिकायचे आहे' असे म्हटले तिच्या तोंडून इतका तत्पर होकार तर अधिकच. मियाझाकी यांनी या चित्रपटाकडे, आपल्या तारुण्याविषयी खंत बाळगणाऱ्या मध्यमवयीनांनी तरुणांपुढे टाकलेले आव्हान म्हणून पाहिले होते. प्रस्ताव हा त्या खंतीचा भाग असावा. तो मुलांच्या मनातून आलेला नाही.

कोंदो मात्र हालचालींचे कलावंत होते. १९५० साली निइगाता प्रांतात जन्मलेल्या या मनुष्याने ताकाहाता आणि मियाझाकी या दोघांच्याही चित्रपटांसाठी वर्षानुवर्षे पात्रांचे रेखन केले. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) मधील भावंडांच्या देहबोलीत त्यांचा हात आहे. शिझुकूने जड दप्तर खाली टाकणे, रस्त्यावर मांजरासमोर उकिडवे बसणे, रडू आवरताना खांदे उचलणे या गोष्टी आराखड्यात लिहून ठेवता येत नाहीत. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना स्वतःचा पहिला चित्रपट मिळाला. १९९८ च्या जानेवारीत, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि तो त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव चित्रपट ठरला. पहिल्या कृतीविषयीच्या या कृतीला दुसरी कृती लाभली नाही.

शिझुकूची लाभली. २००२ साली जिब्लीने हिरोयुकी मोरिता यांच्या दिग्दर्शनाखाली 'नेको नो ओंगाएशी' काढला. त्यात बॅरन पुन्हा येतो आणि ती कथा शिझुकूने पुढे लिहिलेली आहे अशी त्यामागची कल्पना. तो हसतखेळत जाणारा, नेटका, तासा-सव्वा तासाचा चित्रपट आहे. त्याचा उत्तरार्ध कोठेही विस्कटत नाही. २०२२ मध्ये आलेल्या सजीव नटांच्या चित्रपटात दहा वर्षांनंतरची शिझुकू मुलांच्या पुस्तकांची संपादक झालेली दिसते आणि सेइजी चेलोवादक. घडविणारा वाजविणारा झाला, आणि त्याबरोबर ते बाहेरचे माप, ज्याच्याकडे पाहून तिने लिहायला घेतले होते, तेही गेले. मात्र तिच्या टेबलावर आता इतरांचे खर्डे येतात.